थंड खोली कोणी आणली?

तुमच्याच बाजूच्या उमेदवारानं, तुमच्याच मंचावरून, तुमचंच मत मागताना समोरच्यांची तारीफ केली, तर तुम्ही त्याला मत द्याल का? पटकन सांगा. विचार करायला लागलं की उत्तर सभ्य होत जातं, आणि मला सभ्य उत्तर नको आहे. मी स्वतः दिलं होतं तेही सभ्य नव्हतं.

एप्रिल लागला आहे. रुआबांध्याच्या मागच्या अंगाला मोहाची थोडी झाडं अजून उभी आहेत. सकाळी स्कूटर तिकडून काढली की गोडसर, आंबलेला वास नाकात शिरतो आणि हेल्मेटच्या काचेआड अडकून राहतो. घराघरांत कुलरला नवा खस लागलाय. शेजारच्या साहूबाई बोरे-बासी, म्हणजे रात्री पाण्यात भिजवलेला भात, कांदा आणि हिरवी मिरची घेऊन ओट्यावर बसतात आणि मलाही हाक मारतात. भिलाईतला हा उन्हाळा दरवर्षी असाच येतो. पण काही वर्षांनी त्यात आणखी एक वास मिसळतो, उकळत्या मैद्याचा. लेईचा, म्हणजे पोस्टर चिकटवायच्या खळीचा. गेटसमोरच्या भिंतींवर पोस्टर चढायला लागली की समजायचं, मतदान आलं.

यंदा ते पुन्हा आलं आहे, आणि माझी झोप गेली आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. इथल्या पोलादाच्या प्लांटात युनियन पुष्कळ. पण व्यवस्थापनासमोर बसून कामगारांच्या वतीनं सही करायची ती एकीनंच, जिच्याकडे मान्यता तिनं. ती कोणती, हे कामगार गुप्त मतदानानं ठरवतात. त्या मोठ्या मतदानाच्या आधी आमच्या युनियनमध्ये एक आतलं मतदान होतं: आपला चेहरा कोण, हे आम्ही सदस्य ठरवतो. युनियनचं नाव मी घेत नाही. समोरच्या युनियनचं नाव आमच्या घरात तर कधीच घेतलं गेलं नाही. त्यांना आम्ही ‘ते’ म्हणतो. बाबा म्हणतात ‘त्यायनं’, ‘त्यायले’, आणि ऐकणाऱ्याला लगेच कळतं.

मी पत्रकांवर वाढले. हे शब्दशः घ्या. अंथरुणाखाली पत्रकांचे गठ्ठे असत, डाळीच्या डब्याखाली पत्रक, पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर माझी गणितं. पिवळा, गुलाबी, पोपटी असा हलका कागद, पावर हाउस बाजारातल्या छापखान्यातून आणलेला, हाताला शाई लागणारा. बाबा भट्टीवर कामाला होते. पाळी संपवून येत, अंघोळ करत आणि लिहायला बसत. गोंदियाकडच्या खेड्यातला माणूस, घरात वऱ्हाडी-झाडी बोलणारा, पण पत्रक हिंदीत आणि कसं कडक! मला अक्षर चांगलं म्हणून स्वच्छ प्रत माझ्याकडे. सातवी-आठवीपासून. ते सांगायचे, “पयल्या ओळीत दणका पाहिजे. माणूस गेटातून निघते तवा त्याले भूक लागली असते. भुकेल्या माणसानं थांबलं पाहिजे.” घड्या घालायला आई आणि मी. अर्धी घडी, मग पाव. आई म्हणायची, “पोळ्या कमी आन् पर्चे जास्त लाटले मी या घरात.”

त्यांची पत्रकं घरात येत नसत. आलीच तर दाराबाहेर, चपला ठेवायला.

आता थंड खोलीचं सांगते. भट्टीच्या तोंडाशी उन्हाळ्यात काम करणाऱ्यांच्या पोटऱ्यांत गोळे येतात. मी लहान असताना बाबा पाळीवरून येऊन दारातच बसत, आई त्यांच्या पायांना तेल चोळे आणि ते दातांत गमछा धरून बसत. मी समोर बसून अभ्यास केल्यासारखं करायची. मग कधीतरी भट्टीजवळ एक खोली झाली. काचेची खिडकी, दोन बाकडी, थंड हवा. आळीपाळीनं जाऊन दहा-दहा मिनिटं बसायचं. ‘ठंडा कमरा’ म्हणतात तिला. बाबांचे गोळे कमी झाले. तेलाची बाटली दारातून उठून फडताळात गेली.

त्या खोलीवर आमचं पत्रक निघालं. पहिली ओळ बाबांची, अक्षर माझं: ‘ठंडा कमरा किसकी देन? हमारी!’ ते मी इतक्या प्रेमानं लिहिलं होतं की उद्गारचिन्ह शाईनं दोनदा गिरवलं. माझ्या बाबांचे पाय त्या ओळीत होते.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. बाबा रिटायर झाले. मी आयटीआय करून, परीक्षा देऊन प्लांटात लागले, उपकरणांच्या दुरुस्तीत. युनियनची सदस्य झाले, आणि ज्या हंगामाबद्दल मी लिहायला बसले आहे त्या हंगामात पत्रक लिहायची जबाबदारी पहिल्यांदा माझ्या एकटीच्या अंगावर आली. आतल्या मतदानात दोन उमेदवार होते. एक पांडेजी, दणदणीत आवाजाचे. दुसरे लिल्हारेकाका, बाबांचे तीस वर्षांचे दोस्त, भट्टीवरचे सोबती. काका आमचेच. मी त्यांच्यासाठी लिहिलं. पहिल्या ओळीला माझ्याकडे काय होतं? तेच. ‘ठंडा कमरा कौन लाया? लिल्हारे और उनके साथी!’

दुपारी दोनची सुट्टी. पाळी सुटली, दुसरी पाळी आत जात होती. ऊन असं की गेटच्या लोखंडी पट्टीला हात लावता येईना. एका टेम्पोच्या मागच्या फळीचा मंच केलेला. मी खाली उभी राहून पत्रकं वाटत होते. लोक घेत होते, घडी घालून डब्याच्या पिशवीत टाकत होते. बाबा टेम्पोच्या सावलीत, नवा पांढरा शर्ट घालून. रस्त्यापलीकडे चहाच्या ठेल्यावर त्यांचे लोक, आणि त्यांत देवांगन, त्यांच्या युनियनचा जुना माणूस, बारीक, पिकल्या मिशांचा.

काका वर चढले. माईक ठोकला. म्हणाले, “भाइयो, बहनो, पर्चे में लिखा है कि ठंडा कमरा मैं लाया. यह गलत है.”

माझ्या हातात अजून निम्मी पत्रकं होती.

“वो कमरा हम नहीं लाए. वो सामने जो चाय पी रहा है, देवांगन, वो लाया. ग्यारह दिन धूप में बैठा था इसी जगह. मैं रोज साइकिल से उसके सामने से निकलता था, मुंडी नीचे करके. मान्यता हमारे पास थी, तो दस्तखत हमने किए. बस, दस्तखत. और आज भी उनके पास दो-चार बातें ऐसी हैं जो हमको सीखनी चाहिए.”

कोणीतरी मागून ओरडलं, “काका, मंच गलत चढ़ गए क्या? आपका उधर है!” हशा पिकला. दुसऱ्यानं शिटी वाजवली. पलीकडे देवांगन चहाचा ग्लास तोंडापर्यंत नेऊन तसाच थांबला होता. तो हसला नाही, त्यानं हातही केला नाही. मला त्याचाच जास्त राग आला. निदान माजायला तरी हवं होतं त्यानं.

काका पुढं बरंच बोलले, पाळ्यांबद्दल, कँटीनबद्दल. मला काही ऐकू आलं नाही. मी उरलेली पत्रकं पोटाशी धरून उभी होते आणि त्यांची शाई घामानं माझ्या कुर्त्यावर उतरत होती.

घरी बाबा जेवले नाहीत. कुलरसमोर पाठ करून बसले. मी विचारलं, “काका खोटं बोलले काय?”

“खोट्याचा सवाल नाई. टाइमाचा सवाल हाये.”

आई पोळीवर तूप लावत होती. “त्या खऱ्याचा टाइम कवा येते मंग? पंचांग पाहून ठेवा एकदाचं.”

“तुले काय समजते त्यातलं?”

“मले तेल समजते. अकरा दिवस तो मानूस उनात बसला तवा तुमी काय लिवलं होतं? ‘नौटंकी’ लिवलं होतं. मीच घड्या घातल्या त्याच्या.”

हे मला आठवत नव्हतं. मग एकदम आठवलं. ‘नौटंकी बंद करो.’ गुलाबी कागद. तेही अक्षर माझंच होतं. ‘टं’वरचा अनुस्वार मी नेहमी जरा मोठा काढते.

बाबा म्हणाले, “सही कोनी केली? आमी केली. सही बिना खोली झाली असती काय?” आणि थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, “मतं मागाले चढला अन् आमालेच नागवं केलं त्यानं. तुले बी केलं. तुझा पर्चा होता तो.”

हे खरं होतं, आणि मला तेच लागलं होतं. आतल्या मतदानाला चार दिवस होते. ते चार दिवस मी जागेवर बसले नाही. ड्यूटीवरून सुटले की स्कूटर काढायची. नेहरू नगरच्या कोचिंग क्लासेससमोरून, हायवेच्या कडेनं, पुन्हा प्लांटच्या वसाहतीच्या सेक्टरकडे. पळसाच्या वाळलेल्या पाकळ्या चाकाखाली. डोक्यात एकच चक्र. काका विकले गेले का? त्यांच्याकडे जाणार आहेत का? म्हातारपण आलं, सगळ्यांना चांगलं दिसायचं आहे, हे असेल का? की पांडेजींना जिंकवायचं ठरलं आहे आणि मी वेडी पत्रकं लिहीत बसले? आमच्या आतल्या मतदानात मत फक्त आमच्याच लोकांचं. तिथं त्यांची तारीफ करून काकांना एकही मत मिळणार नव्हतं, उलट होती तीही गेली असती. ज्यात स्वतःचा तोटाच तोटा, असं माणूस का बोलतो, याचं सगळ्यात सोपं उत्तर मला चार दिवसांत एकदाही सुचलं नाही. आम्हाला पत्रकांत माणसांचे हेतू लिहायची सवय होती. कोण कशासाठी बोलला, कोणाच्या इशाऱ्यावर बोलला. तो बोलला ते खरं आहे का, ही ओळ आमच्या पत्रकात कधी नसायची.

रुआबांध्यात काकांच्या गल्लीच्या तोंडाशी मी तीनदा गेले. तिसऱ्यांदा ते दिसले. बनियनवर, बादलीनं कुलरमध्ये पाणी भरत होते. बादली उचलताना एक पाय जरा आखडत होते. ती ओढ मला ओळखीची होती, बाबांचीच. मला फक्त उतरून विचारायचं होतं: काका, हे कावून केलं? त्यांनी मान वर करायच्या आत मी स्कूटर वळवली.

पावर हाउसला छापखान्यात प्रूफ द्यायला गेले तर उसाच्या रसाच्या ठेल्यावर देवांगन. त्यानंच हाक मारली. “ए नोनी! पर्चा वाली नोनी!” नोनी म्हणजे पोरगी. मी थांबले, पण रस घेतला नाही. त्यांच्याकडचा रस आमच्या घशाखाली कसा उतरणार?

तो म्हणाला, “तोर काका बने आदमी हे. फेर हार जाही.” तुझा काका चांगला माणूस आहे, पण हरणार.

“तुम्हारी वजह से,” मी म्हटलं.

“हमर डहर आ जातिस त हमू मन ओला हरा देतेन, नोनी.” आमच्या बाजूला आला असता तर आम्हीही त्याला पाडलं असतं. असं म्हणून तो पोट धरून हसला, आणि मिशा पुसत म्हणाला, “हमन कोन से कम हन? साइकिल स्टँड के छप्पर तुमन लाए रहेव. हमर पर्चा म का लिखाय हे, पढ़बे कभू.” सायकल स्टँडचं छप्पर आमच्या युनियननं आणलं होतं, आणि त्यांच्या पत्रकात ते त्यांचं होतं. मला माहीत होतं. त्यावर आम्ही कित्ती संतापलो होतो! त्या संतापानं दोन पत्रकं निघाली होती.

मतदान कसं होतं तेही सांगायला हवं, कारण तिथंच सगळं झालं. आमच्या आतल्या मतदानाला कागद नसतो. फार जुनी पद्धत आहे, ज्यांना वाचता येत नसे अशा सदस्यांसाठी सुरू झालेली. हॉलच्या कोपऱ्यात चादरीचा पडदा. पडद्याआड टेबलावर दोन हेल्मेट उलटी ठेवलेली, प्रत्येकावर उमेदवाराचा फोटो. दारात प्रत्येक सदस्याला एक नट मिळतो, लोखंडी, अंगठ्याच्या पेराएवढा. आत जायचं आणि एका हेल्मेटात टाकायचा. पूर्वी आवाजावरून बाहेरच्यांना कळत असे, रिकाम्यात ठणकन, भरल्यात खळकन. म्हणून हेल्मेटात आता जाड गमछा अंथरतात आणि वरून दुसरा झाकतात. हात त्याखाली सरकवून नट ठेवायचा. आवाज नाही, काही दिसत नाही.

हाताला मात्र लागतं.

मी आत गेले तेव्हा दुपारचे चार वाजले असतील. नट माझ्या मुठीत गरम झाला होता. मी आधी काकांच्या हेल्मेटात हात घातला. गमछा. मग कुठं एक नट, कुठं दोन. मी बोटं फिरवली. तळ जवळजवळ मोकळा होता. दुसऱ्यात हात घातला तर बोटांना जागा मिळेना, एकावर एक, थंड, निसरडे.

मी इथं सिद्धांताची गोष्ट सांगू शकते. संघटनेची शिस्त, वेळेचं भान, समोरच्यांना हत्यार देऊ नये वगैरे. तेव्हा मी स्वतःला तेच सांगितलं, आणि पुढं बरेच महिने इतरांनाही. पण पडद्याआड माझ्या मनात यातलं काही नव्हतं. तळ मोकळा लागला आणि मला भीती वाटली. त्या मोकळ्यात एकटं पडायची. मी नट भरलेल्या हेल्मेटात ठेवला. मत काकांना द्यायचं की नाही हे मी कधी ठरवलंच नव्हतं. ते माझ्या बोटांनी गर्दी चाचपून ठरवलं.

काका हरले. निकालानंतर ते माझ्यापाशी आले. मी उठून उभी राहिले. त्यांनी माझ्या डोक्यावर टपली मारली, लहानपणी मारायचे तशी.

“काय वो पोरी, रागावून राहिली काय माझ्यावर? पर्चा चांगला लिवला होता तू. एकच ओळ काढाले पाहिजे होती. मलेच आधी सांगाले पाहिजे होतं तुले. चुकलं माझं.”

चुकलं असं तेच म्हणाले, मी नाही. बाबा दारात उभे होते, ते काकांशी बोलले नाहीत, त्यानंतर कधीच नाही. त्या वर्षी मोठं मतदान आम्ही जिंकलो. गुलाल उडाला, ढोल आले, मी नाचलेसुद्धा. हे मुद्दाम सांगते. खोटी ओळ लिहून माणसं हरतात असं काही नाही.

पुढल्या वर्षी काका रिटायर होऊन आमगावकडे आपल्या गावी गेले. जाताना स्टेशनवर आई गेली होती, डबा घेऊन. मी ड्यूटी होती असं सांगितलं. ड्यूटी नव्हती.

आणि आता पुन्हा एप्रिल. पुन्हा पत्रक माझ्याकडे. युनियनच्या ऑफिसातून मुद्दे आले आहेत, पहिला मुद्दा तोच, थंड खोली. नव्या भरतीची पोरं आहेत, त्यांना काय माहीत, चालून जाईल, असं मला सांगण्यात आलं. मी तीन दिवस कागद समोर घेऊन बसले आहे. उठते, पाणी पिते, गॅलरीत जाते, परत येते. भट्टीवरच्या नव्या पोरांपैकी एकानं परवा मला विचारलं, “दीदी, ये कमरा पहले से था ना?” त्याला वाटलं खोली भट्टीबरोबरच जन्मली. मला तेव्हा कळलं की आपलं नाव खोटं लिहिल्यानं नुसतं त्यांचं नाव पुसलं जात नाही, बसलेले अकरा दिवसच पुसले जातात. मग पुढची खोली मागायला बसावं लागतं हे त्या पोराला कोण सांगणार?

शेवटी मी लिहिलं. बाबांना डोळ्यांनी आता बारीक दिसत नाही, म्हणून वाचून दाखवलं. ‘ठंडा कमरा देवांगन और उनके साथियों के ग्यारह दिन के धरने से आया. उस समय हमारी यूनियन ने उसे नौटंकी कहा था. दस्तखत हमारे थे, धूप उनकी थी. वह पर्चा मेरे हाथ का लिखा था.’ त्याखाली आमच्या खऱ्या कामांची यादी. छप्पर त्यात आहे.

बाबा बराच वेळ पायाच्या पोटरीवर हात फिरवत राहिले.

“एक मत नाई भेटनार.”

“माहीत आहे.”

“त्यायचे लोक हे फ्रेम करून लावतीन.”

“लावू द्या.”

पुन्हा पोटरी. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती, हातात कणीक.

“‘मेरे हाथ का’ कावून लिवतं?” बाबा म्हणाले. “मजकूर कोनाचा होता? तू बारकी पोट्टी होती तवा. माझं नाव टाक.”

मी टाकलं. देवांगनचं नाव त्यांनी मोठ्यानं घेतलं नाही, पुन्हा वाचताना तिथं नुसती मान हलवली.

युनियनच्या ऑफिसनं हे पत्रक नामंजूर केलं आहे. म्हणून ते युनियनचं नाही. खाली दोन नावं आहेत, बाबांचं आणि माझं. या अंकाचे बरेच वाचक प्लांटातले आहेत, किंवा घरातलं कोणी तिथं आहे. तुम्हाला मी मागते ते एवढंच. या आठवडाभर दुपारी दोनच्या सुट्टीला मी गेटवर उभी असेन. माझ्या हातातून पत्रक घ्या. घडी घालून डब्याच्या पिशवीत टाकू नका, तिथंच उभ्या उभ्या वाचा. ऊन आहे, तरी वाचा. आणि यादीतली एखादी ओळ आमची नसेल, तर पेन मागा, माझ्याकडे आहे, आणि माझ्यासमोर ती खोडा.